आयल्ट्सचं स्कोअरकार्ड हातात आलं, आता ते वाचायचं कसं?

निकालाचा ईमेल आला की घरातून पहिला प्रश्न येतो, "मग, पास झालीस का?" आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत पास-नापास असं काही नसतंच, पण हे आजीला समजावण्यात अर्धा तास जातो. दुसरा प्रश्न शेजारच्या काकांचा: "नऊपैकी साडेसहा? म्हणजे बहात्तर टक्के!" तिसरा प्रश्न एजंटचा असतो आणि तो सगळ्यात घोळाचा: "ओव्हरऑल किती?"

मी स्वतः या वाटेने गेलो आहे. त्यानंतर सोसायटीतल्या, ऑफिसातल्या आणि ओळखीपाळखीतल्या पोरांची कार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून देण्याचं काम आपोआपच माझ्या गळ्यात पडलं. शंका त्याच त्याच येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. एकूण बँड, म्हणजे नऊपैकी मिळणारा एकूण आकडा, हा कार्डावरचा सगळ्यात चर्चेचा आकडा आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत तोच सगळ्यात कमी कामाचा. गाडं अडतं ते ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार विभागांतल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर.

लेख मुख्यतः आयल्ट्सबद्दल आहे, कारण मुंबईत बहुतेक जण तीच परीक्षा देतात. टोफेल, पीटीई आणि ड्युओलिंगो या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

बसण्याआधी हे जवळ घ्या

- स्कोअरकार्ड, म्हणजे टेस्ट रिपोर्ट फॉर्म. सगळे त्याला टीआरएफ म्हणतात. कागदी असो वा इलेक्ट्रॉनिक, चालेल.
- ज्या पासपोर्टवर परीक्षा दिली तोच पासपोर्ट
- परीक्षा बुक केल्याचा ईमेल, कारण कोणता प्रकार दिला ते त्यात असतं
- विद्यापीठाच्या, व्हिसाच्या किंवा व्यावसायिक परिषदेच्या भाषेच्या अटीचं पान. संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून त्याच दिवशी काढलेलं हवं.
- बारावीची मार्कशीट (का, ते शेवटी कळेल)
- पेन आणि कोरा कागद

१. आधी अट वाचा, कार्ड नंतर

उलटं केलं की माणूस आकड्यावर खूश तरी होतो नाहीतर रडत बसतो, आणि दोन्ही वेळा कारण नसताना.

अट साधारण अशी लिहिलेली असते: एकूण ६.५, कोणत्याही विभागात ६.० पेक्षा कमी नको. हे वाक्य दोन तुकड्यांत कागदावर उतरवा. पहिला तुकडा एकूण बँडचा, दुसरा प्रत्येक विभागाचा. दुसरा तुकडा अनेकदा पानावर खाली, बारीक अक्षरात किंवा वेगळ्या लिंकमागे असतो. एकाच विद्यापीठात इंजिनिअरिंगला ६.५ आणि कायदा, पत्रकारिता किंवा नर्सिंगला ७.० किंवा ७.५ असंही असतं. तेव्हा विद्यापीठाचं सर्वसाधारण पान नको, तुमच्या कोर्सचंच पान बघा.

शिवाय कॉलेजची अट आणि व्हिसाची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफर लेटर आलं म्हणजे व्हिसाची भाषेची अट भागली असं नाही. दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवा.

जुनी माहिती हा इथला मोठा सापळा आहे. कॅनडाची स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम, म्हणजे स्टुडंट व्हिसा लवकर देणारी योजना, ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, तरी "कॅनडा म्हणजे सिक्स ईच" (प्रत्येक विभागात सहा) हे वाक्य क्लासेसच्या पत्रकांतून काही गेलेलं नाही. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये स्टुडंट व्हिसाची अट ५.५ वरून ६.० केली. त्याआधीचे व्हिडिओ यूट्यूबवर आजही लाखोंनी बघितले जातात. स्टेशनबाहेरच्या बोर्डावरचा आकडा कधी छापला होता हे रंगवणाऱ्यालाही आठवत नसेल. संस्थेचं स्वतःचं पान सोडून कशावरही विसंबू नका.

२. कार्डावर काय काय असतं

वरच्या बाजूला प्रकार लिहिलेला असतो: अकॅडेमिक किंवा जनरल ट्रेनिंग. सगळ्यात आधी इथे नजर टाका. शिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी अकॅडेमिक लागतं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआर (कायम वास्तव्य) मिळवण्याच्या योजनेला, जनरल ट्रेनिंगच लागतं, तिथे अकॅडेमिकचा नऊ बँडसुद्धा उपयोगाचा नाही. दोन्हींत ऐकणं आणि बोलणं सारखंच असतं, वाचन आणि लेखन वेगळं.

यूकेसाठी आणखी एक फाटा आहे. साधं आयल्ट्स आणि आयल्ट्स फॉर यूकेव्हीआय (यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनचा व्हिसा विभाग). प्रश्नपत्रिका, काठिण्य आणि गुणदान तेच. पण दुसरं ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रावर, वेगळं बुकिंग करून द्यावं लागतं आणि कार्डावर तसा उल्लेख येतो. पदवी किंवा मास्टर्सला जाणाऱ्यांना बरीच विद्यापीठं साध्या आयल्ट्सवर घेतात. तरी विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर मिळवा.

त्याखाली नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, पहिली भाषा आणि फोटो. मग एका ओळीत लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग, एकूण बँड आणि शेवटी बी२ किंवा सी१ अशी युरोपीय पातळी. तळाला टीआरएफ क्रमांक. संस्था तुमचा निकाल ऑनलाइन तपासतात तो याच क्रमांकावरून, त्यामुळे कार्डाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची हौस असेल तर निदान हा क्रमांक आणि पासपोर्टचा नंबर झाका.

३. बँड म्हणजे टक्के नाहीत, पर्सेंटाइलही नाही

दहावी-बारावीच्या टक्क्यांवर आणि सीईटीच्या पर्सेंटाइलवर वाढलेल्या आपल्या डोक्याला हे पचायला वेळ लागतो. पर्सेंटाइल तुमची तुलना बाकीच्या मुलांशी करतो. बँड तशी तुलना करत नाही. त्या दिवशी केंद्रावर सगळे हुशार आले म्हणून तुमचा बँड घसरत नाही. बँड ही पातळी आहे: ५ म्हणजे रोजचं कामापुरतं इंग्रजी, ६ म्हणजे चुका होतात पण काम नीट निभतं, ७ म्हणजे चांगली पकड, ८ म्हणजे क्वचितच चूक, ९ म्हणजे पूर्ण प्रभुत्व. मधले अर्धे बँडही असतात.

युरोपीय पातळीशी ढोबळ जोड अशी: ४ ते ५ म्हणजे बी१, ५.५ ते ६.५ म्हणजे बी२, ७ ते ८ म्हणजे सी१, ८.५ पासून पुढे सी२. म्हणजे ५.५ आणि ६.५ दोन्ही बी२ मध्येच बसतात. कार्डावर बी२ दिसलं म्हणून "आपलं झालं" म्हणू नका. विद्यापीठाने आकडा मागितला असेल तर आकडाच बघतात.

४. एकूण बँडचा हिशेब: २५, २७, २९

चारही बँडांची सरासरी काढतात आणि ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात. सरासरी .२५ वर आली तर वरच्या अर्ध्यावर जाते, .७५ वर आली तर वरच्या पूर्ण आकड्यावर.

भागाकार करत बसायची गरज नाही. चारही आकड्यांची नुसती बेरीज करा:

- २३ ते २४.५: एकूण ६.०
- २५ ते २६.५: एकूण ६.५
- २७ ते २८.५: एकूण ७.०
- २९ ते ३०.५: एकूण ७.५

समजा ६.५, ६.०, ६.०, ६.० आले. बेरीज २४.५, एकूण ६.०. आता बोलण्यात फक्त अर्धा बँड जास्त मिळाला असता तर बेरीज २५ आणि एकूण थेट ६.५. उलट बेरीज २६.५ असणाऱ्याला आणि २५ असणाऱ्याला एकूण बँड सारखाच दिसतो, जरी दोघांच्या इंग्रजीत बराच फरक असला तरी. म्हणून मित्राचा आणि तुमचा "सेम स्कोअर" आहे यावरून काहीही ठरवू नका. बेरीज विचारा.

ही बेरीज पुढे पुन्हा परीक्षा द्यायची की नाही हे ठरवतानाही कामी येते. २४.५ वर अडकलेल्याला कुठूनही अर्धा बँड पुरतो. २३ वर असलेल्याला चार अर्धे बँड लागतात, आणि त्यासाठी पंधरा दिवसांची उजळणी पुरणार नाही.

५. चार चौकोन वेगवेगळे वाचा

लिसनिंग आणि रीडिंग या दोन आकड्यांमागे सरळ हिशेब आहे. प्रत्येकी ४० प्रश्न, प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. कार्डावर हे ४० पैकी गुण छापत नाहीत, फक्त बँड देतात. लिसनिंगमध्ये साधारण २३ बरोबर म्हणजे ६, ३० म्हणजे ७, ३५ म्हणजे ८. अकॅडेमिक रीडिंगचंही जवळपास तसंच. प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार हे आकडे किंचित हलतात.

सहावरून सातवर जायला सात-एक प्रश्न लागतात, सातवरून आठवर जायला पाचच. वर गेल्यावर एकेका प्रश्नाची किंमत वाढते. तिथे उत्तर माहीत असूनही स्पेलिंग चुकलं, अनेकवचनाचा एस राहिला, किंवा "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं असताना तीन लिहिले, की अर्धा बँड गेला. कार्डावर ७.५ दिसत असेल आणि तुम्हाला ८ हवा असेल तर इंग्रजी सुधारायच्या आधी स्पेलिंग आणि सूचना वाचायची सवय सुधारा. ते स्वस्तात होतं.

जनरल ट्रेनिंगचं रीडिंग वेगळं आहे. उतारे सोपे, म्हणून मोजपट्टी कडक. तिथे ३० बरोबर आले की साधारण ६ च मिळतो. "पेपर सोपा गेला तरी सहाच कसे?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, त्याचं उत्तर हे.

आणि एक. नीट-जेईईच्या धाकात वाढलेली मुलं इथेही प्रश्न कोरे सोडतात. आयल्ट्समध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही. कोरं काहीही ठेवू नका.

रायटिंग. बहुतेकांचा सगळ्यात खालचा चौकोन हाच, आणि बहुतेकांना तो अन्याय वाटतो. "माझं इंग्रजी तर चांगलं आहे" हे मी इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडून मराठी माध्यमाच्या मुलांपेक्षा जास्त ऐकलंय. इथे चार निकषांवर सारख्या वजनाने गुण देतात: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्दसंपदा कशी आहे, व्याकरणाची विविधता आणि अचूकता किती. शिवाय दुसऱ्या टास्कचं, म्हणजे २५० शब्दांच्या निबंधाचं वजन पहिल्या टास्कच्या (अकॅडेमिकमध्ये आलेखासारख्या गोष्टीचं वर्णन) दुप्पट असतं. साठ मिनिटांतली पस्तीस मिनिटं आलेख रंगवण्यात घालवून निबंध घाईत उरकला असेल तर कार्डावरचा ५.५ कुठून आला हे शोधायला नको.

दुसरं कारण म्हणजे साचा. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली सुरुवात, पाठ केलेला शेवट, मध्ये प्रश्नातले शब्द भरायचे. असली वाक्यं परीक्षकांना लांबून ओळखू येतात आणि त्यांचे गुण मिळत नाहीत. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका निबंधात पहिली तीन वाक्यं अशी होती की विषय शहरांतली वाहतूक आहे की प्राणिसंग्रहालय हे कळायला चौथ्या वाक्यापर्यंत थांबावं लागलं. प्रश्न नीट वाचून साध्या इंग्रजीत थेट उत्तर दिलं असतं तर त्याच मुलाला नक्की जास्त मिळाले असते.

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असतं. निकष: ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. उच्चार म्हणजे गोऱ्यांसारखं बोलणं नव्हे. मराठी वळणाचं इंग्रजी बोललात म्हणून गुण कापत नाहीत, समजायला त्रास झाला तर कापतात. आपल्याकडच्या मुलांचं नुकसान भलत्याच ठिकाणी होतं: एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसणं. मुलाखतीत "जास्त बोलू नये" हे घरचं वळण इथे आड येतं. स्पीकिंगचा आकडा बाकीच्या तिघांपेक्षा एक-दीड बँडने खाली असेल तर व्याकरणाचं पुस्तक मिटून ठेवा आणि रोज कुणाशी तरी वीस मिनिटं इंग्रजीत गप्पा मारा. विरार लोकलमध्ये कानात हेडफोन घालून ऐकण्याचा सराव होतो, बोलण्याचा होत नाही. तिथे तोंड उघडायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

६. तेच कार्ड, तीन दारं

माझ्या मामेबहिणीचं कार्ड घेऊ. लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६.०, स्पीकिंग ६.५. बेरीज २६.५, एकूण ६.५. प्रकार अकॅडेमिक.

पहिलं दार, मास्टर्स. अट "एकूण ६.५, कोणताही विभाग ६.० पेक्षा कमी नको" अशी असेल तर ती आत. तीच अट "प्रत्येकात ६.५" अशी असेल तर रायटिंगमुळे बाहेर. काही विद्यापीठं अशा वेळी प्रीसेशनल, म्हणजे मुख्य कोर्सआधीचा इंग्रजीचा कोर्स करायला सांगून अटीवर प्रवेश देतात. त्याची फी वेगळी असते आणि आठवडेही वेगळे, तेव्हा पुन्हा परीक्षा देणं स्वस्त पडतं का ते आधी बघा.

दुसरं दार, ब्रिटनमधलं नर्सिंग. तिथली परिषद, म्हणजे एनएमसी, रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला प्रत्येकी ७.० आणि रायटिंगला ६.५ मागते, एकूणही ७.० हवा. या कार्डाने तीन विभागांत अडतं आणि एकूण बँडमध्येही. मात्र एनएमसी दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते: दोन्ही बारा महिन्यांच्या आत दिलेल्या हव्यात, आणि कोणत्याही परीक्षेत रायटिंग ६.० च्या आणि बाकीचे तीन ६.५ च्या खाली जायला नकोत. म्हणजे हे कार्ड वाया गेलेलं नाही. रायटिंग ६.० हे अगदी काठावर बसतं. नर्सिंगला जाणाऱ्या मुली पहिल्या प्रयत्नानंतर खचून कार्ड कपाटात टाकतात. टाकू नका, तारीख लिहून ठेवा.

तिसरं दार, कॅनडाचं पीआर. अकॅडेमिक असल्यामुळे हे दार बंदच आहे. जनरल ट्रेनिंगमध्ये हेच आकडे आले असते असं समजू. कॅनडा एकूण बँड बघतच नाही. प्रत्येक कौशल्याचं कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्कमध्ये, म्हणजे सीएलबीमध्ये रूपांतर करतात:

- सीएलबी ७: चारही विभागांत ६.०
- सीएलबी ८: लिसनिंग ७.५, बाकी तिन्ही ६.५
- सीएलबी ९: लिसनिंग ८.०, बाकी तिन्ही ७.०
- सीएलबी १०: लिसनिंग ८.५, रीडिंग ८.०, रायटिंग आणि स्पीकिंग ७.५

बहिणीचं लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ८ ला पोचतं, रायटिंग ७ ला. एक्स्प्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेची किमान अट सीएलबी ७ आहे, ती भागते. पण किमान अट भागणं आणि निवड होणं यात फार अंतर आहे. निवडीच्या गुणांत जोडीदार सोबत नसलेल्या अर्जदाराला पहिल्या भाषेच्या (इथे इंग्रजीच्या, मातृभाषेच्या नव्हे) प्रत्येक कौशल्यासाठी सीएलबी ८ ला २३ आणि ९ ला ३१ गुण मिळतात. चार कौशल्यांचा फरक ३२. त्याशिवाय शिक्षण आणि अनुभवाबरोबर जोडून मिळणारे गुणही सीएलबी ९ ला वाढतात. म्हणून कॅनडावाले "आठ, सात, सात, सात" हे पाढ्यासारखं म्हणत असतात. ७.५, ८.०, ८.०, ८.० असं झगझगीत कार्ड असलं तरी लिसनिंगमुळे ते सीएलबी ९ ला पोचत नाही. हे माहीत नसल्यामुळे पेढे वाटून झालेली घरं मी पाहिली आहेत.

७. अर्ध्या बँडने हुकलं तर

तीन वाटा आहेत. क्लासवाल्यांना विचाराल तर एकच सांगतील: पुन्हा बॅच लावा.

पहिली वाट, फेरतपासणी, म्हणजे एन्क्वायरी ऑन रिझल्ट्स. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो, पैसे भरावे लागतात, बँड बदलला तर ते परत मिळतात. कोणते विभाग तपासायचे ते तुम्ही निवडता. माझं मत असं: लिसनिंग-रीडिंगसाठी पैसे घालू नका, तिथे उत्तर बरोबर असतं किंवा चूक. रायटिंग किंवा स्पीकिंगसाठी करा, तेही बाकीचे तीन विभाग बरेच वर असताना हा एकच अर्ध्या बँडने मागे राहिला असेल तर. चारही विभाग ५.५-६ च्या घरात असतील तर फेरतपासणीने चमत्कार होत नाही.

दुसरी वाट, वन स्किल रीटेक. फक्त एक विभाग पुन्हा द्यायचा. मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली हवी आणि साठ दिवसांच्या आत द्यावी लागते. नवं कार्ड मिळतं, त्यात जुने तीन आणि नवा एक आकडा. ऐकायला फारच छान, पण सगळ्या संस्था ते कार्ड घेत नाहीत. पैसे भरण्याआधी विद्यापीठाला आणि व्हिसाच्या बाजूला, दोन्हीकडे विचारा. "चालतं हो सगळीकडे" असं फोनवर सांगणाऱ्याचं नाव-गाव कुणी लिहून घेत नाही, आणि नंतर तो फोनही उचलत नाही.

तिसरी वाट, पूर्ण परीक्षा पुन्हा. कितीही वेळा देता येते. पण दोन कार्डांतले चांगले चांगले आकडे निवडून नवं कार्ड करता येत नाही. एनएमसीसारखे मोजके अपवाद सोडले तर एका बैठकीचं एकच कार्ड चालतं.

८. मुदत

निकाल दोन वर्षं धरतात, परीक्षेच्या तारखेपासून. कार्ड हातात आलं त्या दिवसापासून नव्हे. एक्स्प्रेस एंट्रीत प्रोफाइल भरताना आणि नंतर पीआरचा अर्ज करताना, दोन्ही वेळा निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलणाऱ्यांनी हे खास बघावं. संपण्याच्या तारखेच्या सहा महिने आधीचा रिमाइंडर मोबाइलवर आजच लावा.

९. टोफेल, पीटीई, ड्युओलिंगोचं कार्ड असेल तर

टोफेलची ओळखीची पट्टी ० ते १२०, चार विभागांना प्रत्येकी ३०, आणि एकूण म्हणजे सरळ बेरीज. जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी नवी पट्टी आली आहे, त्यामुळे जुन्या-नव्या कार्डांची तुलना करताना कोणती पट्टी आहे ते आधी बघा. टोफेलमध्ये मायबेस्ट नावाची सोय आहे: दोन वर्षांतल्या प्रत्येक विभागाचा सर्वोत्तम गुण एकत्र दाखवतात. काही विद्यापीठं ते धरतात, काही नाही.

पीटीई अकॅडेमिकची पट्टी १० ते ९०. इथे एकूण आकडा चार विभागांची साधी सरासरी नसतो, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन "चुकीचं छापलंय" म्हणू नका. काही प्रश्न दोन कौशल्यांत गुण देतात. अशा प्रश्नात तुम्ही अडखळलात तर त्याचा फटका एकाहून जास्त चौकोनांना बसतो.

ड्युओलिंगो १० ते १६०, घरून तासाभरात. प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी चालतं. व्हिसासाठी आणि व्यावसायिक नोंदणीसाठी मात्र गृहीत धरू नका.

इंटरनेटवर या परीक्षांची एकमेकांत रूपांतरं करणारी कोष्टकं ढिगाने मिळतात. ती अंदाजापुरती ठीक. तुमच्या संस्थेने प्रत्येक परीक्षेचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच खरा.

कॉलेजकडून मिळणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या दाखल्यावर किंवा बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर काही परदेशी विद्यापीठं परीक्षा माफ करतात. आधी ते विचारून घ्या, नाहीतर कार्ड आल्यावर कळतं की लागणारच नव्हतं.

१०. पाठवताना होणारे घोळ

नावाचा घोळ पहिला. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात कुणाचं फक्त स्वतःचं, कुणाचं वडिलांचंही जोडलेलं. टीआरएफवर नाव पासपोर्टप्रमाणे हवं. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या मुलींनी तर मार्कशीट, जुना पासपोर्ट आणि कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघावं. परीक्षेनंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर क्रमांक बदलतो. कार्डावर जुना क्रमांक राहतो, म्हणून जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, त्याची प्रत सोबत लावा. कार्डावर चूक दिसली तर त्याच आठवड्यात परीक्षा केंद्राला ईमेल करा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही.

दुसरा घोळ लॅमिनेशनचा. झेरॉक्सवाला प्रेमाने विचारतो, "ओरिजिनल आहे ना, लॅमिनेट करून देऊ?" नको म्हणा. कागदी टीआरएफवर फोटो आणि शिक्का असतो, तो कागद जसा आला तसा फाइलमध्ये ठेवा. दोन्ही बाजूंचं स्पष्ट रंगीत स्कॅन करून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा.

तिसरा घोळ म्हणजे निकाल संस्थेपर्यंत पोचलाच नाही. स्कॅन अपलोड करणं आणि परीक्षा मंडळाकडून अधिकृत निकाल जाणं या दोन गोष्टी आहेत. कुठल्या संस्थेला काय हवं ते अर्जाच्या पानावर असतं. ऑनलाइन खात्यातून पाठवताना विद्यापीठाचं नाव, कॅम्पस आणि विभाग नीट निवडा, एकाच नावाची तीन तीन कॅम्पस असतात. पाठवल्यावर आठवड्याभराने प्रवेश विभागाला दोन ओळींचा ईमेल टाका: अर्ज क्रमांक, टीआरएफ क्रमांक, आणि निकाल मिळाला का एवढंच. उत्तर येईपर्यंत पोर्टलवरची हिरवी टिक खरी मानू नका.

परीक्षा न देता कार्ड मिळवून देतो म्हणणारे लोकही भेटतील, बहुतेक टेलिग्रामवर. टीआरएफ क्रमांक टाकून संस्था थेट मूळ नोंद उघडते, फोटोसकट. बनावट कार्ड तिथे एका मिनिटात उघडं पडतं, आणि खोटी कागदपत्रं दिल्याची नोंद एकदा व्हिसाच्या फाइलवर चढली की पुढचा प्रत्येक अर्ज त्या नोंदीसकट वाचला जातो.

नोकरी बदलणार असाल, पीआरचा विचार मागाहून करणार असाल तर या सगळ्या कागदांचं एकच फोल्डर करा आणि त्याला परीक्षेची तारीख नाव म्हणून द्या. दीड वर्षाने "कार्ड अजून चालेल का?" असा प्रश्न पडेल तेव्हा फोल्डर उघडायचीही गरज पडणार नाही.